ग्राफिक्स कार्डावर सी: पहिल्या प्रोग्रॅमपासून हाताशी हवीत अशी साधनं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत ज्यांनी फाउंड्रीत काम केलंय, त्यांना रिजेक्शनचं दुखणं वेगळं सांगायला नको. साच्यात ओतलेला धातू सगळीकडे एकाच वेळी गोठत नाही. जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तिथे आकसल्यामुळे पोकळी राहते आणि मशिनिंगला गेल्यावर ती उघडी पडते. रायझर (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारी जागा) कुठे द्यायचा याला एवढं महत्त्व आहे ते त्यामुळेच. हे सगळं ओतण्याआधी गणितानं पाहता येतं. कास्टिंगच्या छेदाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचं पुढच्या क्षणाचं तापमान शेजारच्या चार चौकोनांवरून काढायचं, मग त्याच्या पुढच्या क्षणाचं, असं करत जायचं. गणित सोपं आहे, पण चौकोन लाखांनी आणि क्षण हजारांनी. एकच छोटं गणित लाखो जागी एकाच वेळी करायचं, हे काम ग्राफिक्स प्रोसेसरला अगदी मानवतं.

म्हणून या लेखात उदाहरण हेच घेतलंय. लेख अशांसाठी आहे ज्यांना सी येतं: पॉइंटर, मॅलॉक, फॉर लूप यांची भीती गेली आहे, पण ग्राफिक्स कार्डावर अजून काही चालवलेलं नाही. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि तंत्रनिकेतनात अशी मुलं भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपमध्ये गेम खेळायला घेतलेलं कार्ड आयतंच बसलेलं आहे.

बहुतेक ठिकाणी हा विषय वेगापासून शिकवतात: बघा, इतक्या पट जलद. माझं मत वेगळं आहे. ग्राफिक्स कार्डावरचा चुकलेला प्रोग्रॅम बऱ्याचदा आरडाओरडा करत नाही. तो गुपचूप चालतो आणि चुकीचं उत्तर झटकन देतो. त्यामुळे चुका पकडणारी आणि वेळ मोजणारी साधनं पहिल्या दिवसापासून वापरायची सवय लागली पाहिजे. वेग मागून येतो.

आधी कार्ड ओळखा

कुडा म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणित चालवायची एनव्हिडिया कंपनीची प्रणाली. एनव्हिडियानं ती २००६ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केली आणि २००७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्याआधी ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घ्यायचं तर आकडे रंग म्हणून पाठवायचे आणि चित्र काढतोय असं भासवायचं, असा द्राविडी प्राणायाम होता. कुडामुळे साध्या सीसारख्या भाषेत लिहिता येऊ लागलं. पण ते फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर चालतं.

टर्मिनल उघडा आणि एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा द्या. कार्डाचं नाव, मेमरी आणि ड्रायव्हरची आवृत्ती दिसेल. वरच्या बाजूला ‘कुडा व्हर्जन’ असंही लिहिलेलं असतं आणि इथेच नवखा माणूस पहिल्यांदा फसतो. तो आकडा तुमच्या मशीनवर बसवलेल्या कुडाचा नसतो. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल एवढंच तो सांगतो. बसवलेलं टूलकिट (कम्पायलर आणि बाकी साधनांचा संच) कुठलं आहे ते एनव्हीसीसी कम्पायलरला आवृत्ती विचारली की कळतं. दोन आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. ड्रायव्हरचा आकडा मोठा किंवा समान असला की झालं.

दुसरी गोष्ट, कार्डाची ‘कम्प्यूट केपेबिलिटी’. हा कार्डाच्या पिढीचा क्रमांक. जीटीएक्स १६५० चा ७.५, आरटीएक्स ३०५० चा ८.६, आरटीएक्स ४०५० चा ८.९. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे पदोपदी लागतो. कुणी स्वस्तात जुनं कार्ड देत असेल तर पैसे देण्याआधी तो नक्की तपासा. केप्लर पिढीला कुडा १२ नं निरोप दिला. कुडा १३ मध्ये मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टाही गेले. म्हणजे पास्कल पिढीतलं जीटीएक्स १०५० किंवा १०६० आजही शिकायला चांगलं कार्ड आहे, पण त्याच्यासाठी टूलकिट १२ च्या मालिकेतलंच घ्यावं लागतं. नवीनच डाउनलोड करून बसलात तर कम्पायलर तुमच्या कार्डाला ओळख दाखवणार नाही.

कार्डच नसेल तर? शिकण्यासाठी त्यानं काही अडत नाही. गुगल कोलॅब या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवेवर रनटाइमचा प्रकार बदलून टी४ निवडा. हे डेटा सेंटरमधलं कार्ड आहे: २५६० कोअर, १६ जीबी मेमरी, केपेबिलिटी ७.५. सेलच्या (कोड लिहायच्या चौकटीच्या) सुरुवातीला दोन टक्क्यांची चिन्हं, राइटफाइल आणि फाईलचं नाव लिहिलं की खालचा मजकूर फाईलमध्ये जातो. उद्गारचिन्हानं सुरू केलेली ओळ टर्मिनलच्या आज्ञेसारखी चालते. एवढ्यावर हा लेख संपेपर्यंतचं काम निभतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. रनटाइम बंद पडला की फाईल जातात, त्यामुळे प्रत्येक फाईल गुगल ड्राइव्हवर ठेवा. पावसाळ्यात लाईट आणि नेट यांचा भरवसा नसतो तेव्हा हे जास्तच लक्षात ठेवायचं. आणि कम्पाइल करताना एसएम_७५ हे कार्डाच्या पिढीचं नाव स्पष्ट द्या, नाहीतर ‘अनसपोर्टेड टूलचेन’ असा गोंधळात टाकणारा एरर येऊ शकतो.

फक्त इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर ओपनसीएल शिका. क्रोनोस संस्थेनं २००८ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली आणि ते कुठल्याही एका कंपनीला बांधलेलं नाही. पीओसीएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर ते नुसत्या सीपीयूवरही चालतं. एएमडीसाठी हिप आहे, त्याची रचना कुडाशी इतकी मिळतीजुळती आहे की इथलं बरंचसं तिकडे जसंच्या तसं लागू पडतं.

टूलकिट बसवणं

विंडोजवर क्रम महत्त्वाचा. आधी व्हिज्युअल स्टुडिओ, आणि त्यात सी++ चं डेस्कटॉप डेव्हलपमेंट निवडलेलं हवं. मग कुडा टूलकिट. एनव्हीसीसी एकटा सगळं काम करत नाही. सीपीयूवर चालायचा भाग तो मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरकडे सोपवतो. तो सापडला नाही तर ‘सीएल डॉट ईएक्सई सापडत नाही’ अशी तक्रार येते. त्यावर सोपा उपाय म्हणजे साधा कमांड प्रॉम्प्ट न उघडता स्टार्ट मेन्यूतला ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’ प्रॉम्प्ट उघडायचा.

उबुंटूवर एप्टच्या नेहमीच्या भांडारातही टूलकिट मिळतं, पण ते सहसा मागच्या आवृत्तीचं असतं. एनव्हिडियाचं स्वतःचं भांडार जोडून घेतलेलं बरं. बसवून झाल्यावर यूएसआर-लोकल-कुडा-बिन ही जागा पाथमध्ये टाकावी लागते. हे राहून गेल्यामुळे ‘एनव्हीसीसी सापडत नाही’ म्हणणारे कितीतरी जण भेटतात. जीसीसी फार नवं असेल तर एनव्हीसीसी त्याला नाकारतो. अशा वेळी थोडं जुनं जीसीसी बसवून सीसीबिन या पर्यायानं त्याचा पत्ता द्या. तपासणी बंद करायचाही एक पर्याय आहे. त्याच्या नादी लागू नका. आणि लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. तो पडदा घाईत वगळला तर ड्रायव्हर लोडच होत नाही.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणार असाल तर एकच नियम: ड्रायव्हर फक्त विंडोजमध्ये बसवायचा. आतल्या लिनक्समध्ये ड्रायव्हर टाकायचा नाही, तिथे फक्त टूलकिटचं पॅकेज.

एनव्हीसीसी नेमकं काय करतो

फाईलचं एक्स्टेंशन डॉट सीयू. एनव्हीसीसी तिचे दोन भाग करतो. सीपीयूचा भाग जीसीसीकडे किंवा मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरकडे जातो. कार्डाचा भाग आधी पीटीएक्स नावाच्या मधल्या भाषेत उतरतो आणि मग ठरावीक पिढीच्या कार्डासाठी मशीन कोड होतो. दोन्ही एकाच एक्झिक्युटेबलमध्ये भरले जातात. पीटीएक्स सोबत असेल तर तुमच्याहून नव्या पिढीच्या कार्डावर ड्रायव्हर तो तिथल्या तिथे भाषांतरित करून चालवू शकतो.

सीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. डॉट सीयू फाईल एनव्हीसीसी सी++ म्हणून वाचतो. त्यामुळे मॅलॉकचं उत्तर थेट फ्लोट पॉइंटरला दिलं की तो अडतो. कास्ट करावंच लागतं. बाकी तुमचं साधं सी बहुतेक जसंच्या तसं चालतं.

प्रोग्रॅम: गार होणारा छेद

आपला छेद २०४८ बाय २०४८ चौकोनांचा. म्हणजे जवळपास ४२ लाख बिंदू, प्रत्येकी ४ बाइटचा फ्लोट, एकूण १६ मेगाबाइट. असे दोन ॲरे लागतात, ‘जुने’ आणि ‘नवे’. मधल्या भागात सुमारे १४०० अंशाचं ओतीव लोखंड, कडेला ३० अंश. खऱ्या गोठण्यात सुप्त उष्मा असतो आणि वाळू व धातू यांचे गुणधर्मही वेगवेगळे असतात. शिकण्यासाठी ते इथे सोडून दिलंय, फक्त उष्णतेचं वहन ठेवलंय.

कार्डावर चालणाऱ्या फंक्शनला कर्नेल म्हणतात. त्याच्या आधी ‘ग्लोबल’ हा शब्द दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर देऊन लिहायचा. आपल्या कर्नेलमध्ये चौकोनांवरून फिरणारा फॉर लूप नसतो. कार्ड कर्नेलच्या लाखो प्रती चालवतं, एका प्रतीला थ्रेड म्हणतात. थ्रेडच्या गटाला ब्लॉक आणि सगळ्या ब्लॉकच्या मांडणीला ग्रिड म्हणतात. प्रत्येक थ्रेड स्वतःचा एकच चौकोन सांभाळतो आणि तो कोणता हे आधी शोधून काढतो:

स्तंभ = ब्लॉकचा एक्स क्रमांक × ब्लॉकची एक्स रुंदी + थ्रेडचा एक्स क्रमांक
ओळ = ब्लॉकचा वाय क्रमांक × ब्लॉकची वाय उंची + थ्रेडचा वाय क्रमांक
जागा = ओळ × २०४८ + स्तंभ

मग मुख्य ओळ:

नवे[जागा] = जुने[जागा] + र × (डावा + उजवा + वरचा + खालचा − ४ × जुने[जागा])

इथे ‘र’ हा ०.२५ पेक्षा मोठा ठेवला तर तापमान भडकत जातं आणि थोड्याच वेळात पडद्यावर नॅन (‘हा आकडाच नव्हे’ अशी खूण) दिसू लागतं. हा दोष गणिताच्या पद्धतीचा आहे, कुडाचा नव्हे. कर्नेलमध्ये दिवसभर चूक शोधत बसण्याआधी ‘र’ बघा.

मेनमध्ये कुडामॅलॉकनं कार्डावर दोन ॲरे घ्यायचे, कुडामेमकॉपीनं सुरुवातीचं तापमान तिकडे न्यायचं आणि कर्नेल तिहेरी कोनी कंसांत ग्रिड आणि ब्लॉकचं माप देऊन सोडायचा. ब्लॉक ३२ बाय ८ चा घ्या, म्हणजे २५६ थ्रेड. ग्रिड ६४ बाय २५६ ब्लॉकची. कार्ड थ्रेडना ३२-३२ च्या गटांनी चालवतं, या गटाला वॉर्प म्हणतात. एक्सची रुंदी ३२ ठेवण्याचं कारण तेच. दर पायरीनंतर ‘जुने’ आणि ‘नवे’ या पॉइंटरांची अदलाबदल करायची, डेटा हलवायचा नाही.

दोन ॲरे कशाला, एकातच बदल करू, असं वाटेल. करू नका. एक थ्रेड शेजाऱ्याचं जुनं तापमान वाचायला जातो तोवर शेजाऱ्यानं ते बदललेलं असू शकतं. मग प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवला की उत्तर थोडं वेगळं.

पहिलं साधन: दर कॉलनंतर एरर विचारणं

ब्लॉकचं माप चुकून ६४ बाय ६४ दिलं असं समजा. म्हणजे ४०९६ थ्रेड. एका ब्लॉकमध्ये १०२४ च्या वर थ्रेड बसत नाहीत. काय होईल? प्रोग्रॅम पडणार नाही. कर्नेल सुरूच होणार नाही, बाकी सगळं नीट पार पडेल आणि शेवटी कार्डावरच्या ॲरेत आधी जे होतं तेच परत येईल. तुम्ही मात्र तापमान का उतरत नाही म्हणून समीकरणाकडे बघत बसाल.

म्हणून एक छोटा मॅक्रो लिहा. कुडाचा प्रत्येक कॉल त्यात गुंडाळायचा. उत्तर ‘सक्सेस’ नसेल तर फाईलचं नाव, ओळ क्रमांक आणि एररचा मजकूर छापून थांबायचं. कर्नेल सोडल्यावर लगेच कुडागेटलास्टएरर विचारायचं. त्यानं वरची ६४ बाय ६४ ची चूक ‘इनव्हॅलिड कॉन्फिगरेशन’ म्हणून जागेवर पकडली जाते.

आणखी एक बारकावा आहे. कर्नेल सोडला की सीपीयू थांबत नाही, लगेच पुढच्या ओळीवर जातो. त्यामुळे कर्नेलच्या आत झालेली गडबड नंतरच्या कुठल्यातरी निरपराध कुडामेमकॉपीच्या माथी मारली जाते. चूक शोधताना कुडाडिव्हाइससिंक्रोनाइझ घालून सीपीयूला थांबवा, किंवा कुडा_लाँच_ब्लॉकिंग हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ करा. चूक सापडली की लूपमधलं थांबवणं काढून टाका, त्यानं वेग मरतो.

विंडोजवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्या कार्डावर स्क्रीन चालते त्याच्यावर कर्नेल २ सेकंदांपेक्षा जास्त चालला तर विंडोज ड्रायव्हरच रिसेट करतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रोग्रॅम एरर देऊन संपतो. आपला कर्नेल इतका लांबणार नाही, पण पुढेमागे लांबलाच तर काम लहान तुकड्यांत पाडा.

कम्प्यूट सॅनिटायझर

सगळ्यांनी रोज वापरावं असं एकच साधन निवडायचं झालं तर मी हे निवडेन. प्रोग्रॅम चालत असताना ते त्याच्या मेमरीतल्या चुका पकडतं. प्रोग्रॅमच्या नावाआधी कम्प्यूट-सॅनिटायझर लिहायचं, बस्स. कम्पाइल करताना लाइनइन्फो हा पर्याय दिलेला असू द्या, म्हणजे दोष कुठल्या ओळीत आहे तेही कळतं.

आपल्या कर्नेलमध्ये कडेची अट मुद्दाम काढून टाका आणि चालवून बघा. वरच्या ओळीतला थ्रेड स्वतःच्या वरच्या शेजाऱ्याला विचारायला जातो, आणि तिथे ॲरेच नाही. सॅनिटायझर सांगतो: ४ बाइटचं चुकीचं वाचन, अमुक फाईल, अमुक ओळ, थ्रेड शून्य-शून्य-शून्य, ब्लॉक शून्य-शून्य-शून्य. चुकीचा पत्ता किती बाइट बाहेर आहे हेसुद्धा. सॅनिटायझरशिवाय हाच प्रोग्रॅम बहुतेक वेळा बिनबोभाट चालून जातो, कारण ॲरेच्या आजूबाजूची मेमरी तुमच्याच प्रोग्रॅमची असू शकते.

आता डाव्या कडेकडे बघा. शून्याव्या स्तंभातला थ्रेड ‘जागा − १’ वाचतो. ती जागा ॲरेच्या आतच आहे, फक्त ती आधीच्या ओळीच्या उजव्या टोकाची आहे. सॅनिटायझर गप्प राहतो, कारण मेमरीच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नाही. पण कास्टिंगची उजवी कड डाव्या कडेला चिकटली, आणि उष्णता या टोकातून त्या टोकात वाहायला लागली. म्हणून कर्नेलमध्ये अट हवी: स्तंभ आणि ओळ दोन्ही १ ते २०४६ च्या दरम्यान असतील तरच गणित करायचं, नाहीतर जुनं तापमान तसंच पुढे न्यायचं.

सॅनिटायझरमध्ये मेमचेकशिवाय रेसचेक, इनिटचेक आणि सिंकचेकही आहेत. इनिटचेक न भरलेली मेमरी वाचली तर सांगतो. रेसचेकबद्दल गैरसमज नको: तो शेअर्ड मेमरीतली (एका ब्लॉकमधल्या थ्रेडची सामायिक छोटी मेमरी) ओढाताण पकडतो, ग्लोबल मेमरीतली (कार्डाची मोठी मेमरी, जिथे आपले ॲरे आहेत) नाही. एकाच ॲरेत बदल करण्याची मघाची चूक त्याला दिसणार नाही.

जुन्या व्हिडिओंत कुडा-मेमचेक नावाचं साधन दाखवतात. ते आता टूलकिटमध्ये नाही, त्याची जागा यानंच घेतली आहे.

सीपीयूवरची साक्ष आणि डीबगर

डाव्या कडेसारख्या चुका पकडायला एकच मार्ग आहे. तेच गणित साध्या सीमध्ये, दोन फॉर लूप लावून, सीपीयूवर लिहा आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहा. हे लिहायचा कंटाळा करू नका. हळू चाललं तरी चालेल, ६४ बाय ६४ च्या छोट्या छेदावर तपासलं तरी पुरे. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत. कार्डाचा कम्पायलर गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंड करतो, त्यामुळे किंचित फरक पडतो. एक शतांश अंशापर्यंत चालवून घ्या. एका कडेला फरक दहा अंशांचा दिसला तर मात्र चूक तुमची. फरक सगळ्यात जास्त कुठे आहे तो स्तंभ आणि ओळ छापा, निम्मं निदान तिथेच होतं.

मग त्या एका थ्रेडच्या आत शिरायचं. कर्नेलमध्ये प्रिंटएफ चालतं, पण ४२ लाख थ्रेडना बोलू दिलंत तर काहीच ऐकू येणार नाही. ठरावीक स्तंभ आणि ओळ असेल तरच छाप, अशी अट घाला. याहून नीट काम कुडा-जीडीबी करतं. हे लिनक्सवर, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओमध्ये बसणारं एनसाइट वापरा. कम्पाइल करताना छोटा जी आणि मोठा जी असे दोन्ही पर्याय द्यायचे: छोटा सीपीयूच्या भागासाठी, मोठा कार्डाच्या भागासाठी. कर्नेलच्या नावावर ब्रेकपॉइंट लावला की प्रोग्रॅम तिथे थांबतो, आणि ‘कुडा थ्रेड’ व ‘कुडा ब्लॉक’ या आज्ञांनी हव्या त्या थ्रेडवर उडी मारून त्याचे व्हेरिएबल बघता येतात. मोठ्या जीनं कार्डाच्या कोडचं ऑप्टिमायझेशन बंद होतं, त्यामुळे त्या बिल्डवर वेळ कधीही मोजू नका.

एनसाइट सिस्टिम्स: वेळ जातो कुठे

उत्तर बरोबर आलं, आता वेग. सीच्या क्लॉक फंक्शननं कर्नेलच्या आधी आणि नंतर वेळ घेतली तर हजारपट वेगाचा साक्षात्कार होतो. कारण वर सांगितलं तेच: सीपीयू थांबलेलाच नसतो, तुम्ही फक्त काम सोपवायला लागलेला वेळ मोजता. कुडा इव्हेंट (कार्डावरच वेळेची नोंद करणाऱ्या खुणा) वापरा, आणि पहिला कर्नेल मोजणीतून वगळा, त्यात सुरुवातीच्या मांडामांडीचा वेळ मिसळलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर कार्डाचा क्लॉक खाली येतो आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळेनासे होतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉप तापूनही हेच होतं.

संपूर्ण चित्र पाहायला एनसिस ही आज्ञा, प्रोफाइल हा पर्याय आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव. एक अहवाल फाईल तयार होते. कोलॅबच्या रनटाइममध्ये एनसिस सापडलं नाही तर एनव्हिडियाच्या भांडारातून बसवून घ्या. ती फाईल डाउनलोड करून आपल्या लॅपटॉपवर एनसाइट सिस्टिम्समध्ये उघडता येते, त्यासाठी लॅपटॉपमध्ये कार्ड असायची गरज नाही.

नवख्यांच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये इथे एकच चित्र दिसतं: कर्नेलच्या बारीक काड्या आणि त्यांच्यामध्ये मेमरी कॉपीच्या लांबलचक पट्ट्या. प्रत्येक पायरीनंतर ॲरे सीपीयूकडे आणून परत नेला की असं होतं. शिरोलीचं कास्टिंग एका भोकासाठी गोकुळ शिरगावला न्यायचं, परत आणायचं, आणि दुसऱ्या भोकासाठी पुन्हा न्यायचं, तसला हा प्रकार. आकड्यांत बघा. टी४ च्या मेमरीचा वेग सेकंदाला ३२० जीबी. आपली एक पायरी कमीत कमी १६ मेगाबाइट वाचते आणि तितकेच लिहिते, म्हणजे सुमारे ०.१ मिलिसेकंदाचं काम. तोच ॲरे पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्डाला बाकी संगणकाशी जोडणारा मार्ग), सेकंदाला १२ जीबीच्या वेगानं, न्यायचा आणि आणायचा तर जवळपास २.८ मिलिसेकंद. गणितापेक्षा वाहतूक पंचवीसपटीहून महाग. उपाय सरळ आहे: एकदा न्या, सगळ्या पायऱ्या तिकडेच उरका, शेवटी एकदा आणा. मधलं चित्र हवंच असेल तर दर पाचशे पायऱ्यांनी आणा.

एनसाइट कम्प्यूट: कर्नेलच्या आत

टाइमलाइन सुधारल्यावरच इकडे वळायचं. एनसीयू ही आज्ञा एकाच कर्नेलची बारकाईनं तपासणी करते. त्यासाठी ती तोच कर्नेल पुन्हा पुन्हा चालवते, म्हणून सगळ्या हजार पायऱ्या तपासायला देऊ नका. लाँच-काउंट या पर्यायानं दोन-तीनच निवडा. परवानगी नाही असा एरर आला तर लिनक्सवर सुडो लावा, विंडोजवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या डेव्हलपर विभागात परफॉर्मन्स काउंटर सगळ्यांना खुले करा.

अहवालात वरच दोन टक्केवाऱ्या दिसतात: मेमरी किती राबते आणि गणिताचे कोअर किती राबतात. आपल्या कर्नेलमध्ये मेमरी वर आणि गणित खाली असायला हवं, कारण एका चौकोनाला चार बेरजा, एक वजाबाकी आणि दोन गुणाकारांपलीकडे काही नाहीच. म्हणजे एखादा गुणाकार वाचवून इथे काही मिळणार नाही.

मग मुद्दाम एक प्रयोग करा, तो डोळे उघडतो. कर्नेलमध्ये स्तंभ आणि ओळ यांची अदलाबदल करा: एक्सवरून ओळ, वायवरून स्तंभ. छेद चौरस असल्यामुळे ग्रिडचं माप बदलावं लागत नाही, एक्सला ६४ आणि वायला २५६ हे तसंच चालतं. उत्तर तेच येईल, सॅनिटायझर गप्प राहील, पण वेळ वाढेल. एनसीयू कारण सांगतो: मेमरीतून येणाऱ्या दर ३२ बाइटच्या तुकड्यातले ४ च बाइट वापरले जात आहेत. आधी वॉर्पमधले ३२ थ्रेड शेजारशेजारच्या ३२ जागा वाचत होते, म्हणजे सलग १२८ बाइट, चार तुकडे. आता प्रत्येक थ्रेड वेगळ्या ओळीत, म्हणून बत्तीस तुकडे. हे एकदा स्वतःच्या कार्डावर पाहिलं की ‘कोअलेस्ड ॲक्सेस’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

इथून पुढे लोक लगेच शेअर्ड मेमरीकडे धावतात. या उदाहरणात त्याचा मोठा फायदा मिळेलच असं धरून चालू नका. शेजारची तापमानं कॅशमध्ये बरीचशी आधीच असतात. करून बघा, पण आधीचा आणि नंतरचा अहवाल शेजारी ठेवून. सुधारणा आकड्यांत दिसली नाही तर साधा कर्नेलच ठेवा, तो वाचायला सोपा आहे.

एनव्हीप्रॉफ वापरणारे धडे समोर आले तर तारीख बघा. ८.० आणि त्यापुढच्या केपेबिलिटीच्या कार्डांवर ते चालत नाही.

दुसऱ्याच्या मशीनवर नेताना

तुमच्या ७.५ च्या कार्डासाठीच बनवलेली फाईल मित्राच्या ८.६ वर चालेल का, हे तिच्यात पीटीएक्स आहे की नाही यावर ठरतं. जेनकोड हा पर्याय एकापेक्षा जास्त वेळा देऊन ७.५, ८.६ आणि ८.९ साठी कोड एकत्र भरता येतो. शेवटी सगळ्यात वरच्या पिढीचा पीटीएक्सही ठेवा. पुण्याच्या सी-डॅकमधल्या परम सिद्धी-एआयमध्ये एनव्हिडियाची ए१०० कार्डं आहेत, त्यांची केपेबिलिटी ८.०. पुढे संशोधनासाठी तशा मशीनवर काम करायची संधी आली तर हा कर्नेल तसाच्या तसा चालेल, फक्त जेनकोडमध्ये एक नोंद वाढवायची. आणि प्रोजेक्टसोबत एक साधी मजकूर फाईल द्या: ड्रायव्हरची आवृत्ती, टूलकिटची आवृत्ती, जीसीसीची आवृत्ती, कार्डाचं नाव आणि कम्पाइलची पूर्ण आज्ञा. पुढच्या वर्षीचा ज्युनिअर तुमचा प्रोजेक्ट उघडेल तेव्हा त्याला सगळ्यात आधी हीच फाईल लागणार आहे.